शेवटच्या खिळ्यावरची चेन

चेनसॉच्या चेनला एक बाई धार लावते म्हटलं की नवखी माणसं आधी हसायची. मग दुकानात शिरायची, आणि बाहेर पडताना हसू कुठल्या कुठे गेलेलं असायचं. आत्याचं तोंडच तसं होतं. कुणी येऊन नुसतं "मोठी चेन द्या" म्हणालं की ती चष्म्यावरून बघायची आणि विचारायची, मोठी म्हणजे केवढी, मशीनच्या मापाची की तुमच्या? मग त्या बापड्याला मशीनची पट्टी, जिच्याभोवती चेन फिरते ती, आणायला घरी पिटाळायची. पट्टीच्या खाचेत किती जाडीची चेन बसते, चेनच्या खालच्या बाजूला जिभा किती लागतात, हे बघितल्याशिवाय तिने जन्मात कुणाला नवी चेन विकली नाही. अंदाजपंचे काम तिला खपायचं नाही. गिऱ्हाईक रागावून गेलं तर जाऊ दे, दोन दिवसांनी येतंय परत, असं तिचं म्हणणं, आणि गिऱ्हाईक यायचंही.

ती खरी कुणाची आत्या, हे गल्लीत कुणी विचारत नसे. तिची भाची तिला आत्या म्हणायची म्हणून सगळी गल्ली म्हणायची, तिच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीखाली जाड लाकडी बाक, त्यावर घट्ट बसवलेला शिकंजा, डब्यात उभ्या केलेल्या गोल कानशी, कोपऱ्यात नव्या चेनचं रीळ. रिळावरून हवी तेवढी चेन तोडायची आणि दोन टोकं रिव्हेटने जोडायची. दाराशेजारच्या भिंतीवर ओळीने खिळे होते, लाकूडतोड्यागणिक एक. धार लागली की चेन त्या त्या खिळ्यावर जायची आणि ज्याची त्याने येऊन न्यायची. शेवटचा खिळा बाकीच्यांपेक्षा हातभर वर ठोकलेला. तो तिच्या धाकट्या भावाचा, म्हणजे भाचीच्या बापाचा. माणूस ताडमाड उंच, आणि वाकायचा कंटाळा.

भाऊ झाडं पाडायचा आणि ही धार लावायची, असं कित्येक वर्षं चाललं. दोघांचं भांडण एकच, आणि तेही रोजचं. झाडाचा चीक, तेल आणि भुसा यांचा काळा लगदा चेनच्या दातांत बसतो. तो रॉकेलने धुऊन, पुसून मग चेन बहिणीच्या हातात द्यावी, एवढी साधी गोष्ट या बाबाला कधी जमली नाही. ती करवादायची, बोटं काळी करून घ्यायची, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं बोलायची. तो दारात उभा राहून हसायचा. सगळं मीच केलं तर तुला काम काय उरेल, ताई, म्हणायचा.

दुसरं एक होतं, पण त्याला भांडण म्हणता येणार नाही. घरामागच्या चढावर एक जुनं झाड होतं, भाचीच्या खोलीच्या छपरावर कललेलं. भाऊ कधीमधी कुऱ्हाडीच्या पाठीने त्याच्या बुंध्यावर ठोकायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, आतून पोकळ झालंय, काढायला हवं. आत्या म्हणायची, जगाची झाडं पाडायला तुला वेळ आहे, घरच्याला नाही. सवड मिळाली की पहिलं हेच, असं तो म्हणायचा. ती सवड काही आली नाही. खालच्या दरीत एक झाड पाडताना त्याचा बुंधा आतून पोकळ निघाला, मधोमध उभा फाटला आणि झाड फिरलं. भावाचा देह सापडला, त्याचं मशीन नाही सापडलं. ते घसरत खालच्या पाण्यात गेलं असणार, असं सगळे म्हणाले आणि शोधणं सोडून दिलं.

त्या मशीनवरची चेन आत्यानेच काही महिन्यांपूर्वी जोडून दिली होती. चेनमध्ये एक दात डाव्या कुशीचा, पुढचा उजव्या, असे आलटूनपालटून येतात. पण त्या दिवशी रीळ संपत आलं होतं, उरलेल्या तुकड्यात भागवायचं म्हणून जोडापाशी उजव्या कुशीचे दोन दात लागोपाठ आले. चालतं तसं. कापताना काही फरक पडत नाही. फक्त तिला ते आवडलं नव्हतं, आणि न आवडलेली गोष्ट तिच्या बोटांना बरोबर लक्षात राहायची.

भाचीची आई ती लहान असतानाच गेलेली, आता बापही गेला. आत्या आणि भाची दोघीच उरल्या. भाची इस्पितळात रात्रपाळीला जायची आणि सकाळी येऊन कानात कापूस घालून दुपारपर्यंत झोपायची. दोनेक वर्षं अशी गेली.

मग एका दमट, ढगाळ दुपारी गॅसवाला सिलिंडर ठेवून गेला आणि जाता जाता त्याने बाकावर एक चेन टाकली. दरीकडच्या वळणावर एकाने दिली म्हणाला. कोण ते त्याला माहीत नव्हतं. उंच होता, हेल्मेटची जाळी तोंडावर ओढलेली होती, ताईला दे एवढंच बोलला आणि हाताने गल्ली दाखवली. आत्याने मान हलवली, चेन उचलली आणि नेहमीसारखी बोटांतून फिरवायला लागली. दातांत काळा लगदा होता, ओला. ताज्या लाकडाचा वास येत होता. डावा, उजवा, डावा, उजवा, आणि जोडापाशी उजवा, उजवा.

ती स्टुलावर बसली. गॅसवाला केव्हाच गेला होता आणि त्याने सांगितलेला शब्द आता कुठे तिच्या डोक्यात शिरत होता. अख्ख्या गल्लीत, अख्ख्या जगात म्हणा ना, तिला ताई म्हणणारं आता कुणी नव्हतं.

दुसरी बाई असती तर चेन फेकून देऊन कुणाला तरी बोलवायला धावली असती. आत्याने चेन शिकंज्यात धरली. कानस हातात आली की तिचे हात तिचं ऐकत नसत, कामाचं ऐकत. सगळे दात घासून तिने चेन शेवटच्या खिळ्यावर टाकली, आत जाऊन चहा टाकला. बाहेर येऊन बघते तर खिळा रिकामा. दार उघडंच होतं, पण फरशीवर पाऊल उमटलेलं नव्हतं.

चेन परत आली. कधी शाळेच्या बसवाल्याच्या हातून, कधी दूधवाल्याच्या, कधी रस्ता चुकलेल्या कुणा अनोळखी बाईच्या. सगळ्यांचं सांगणं तेच, उंच माणूस, तोंडावर जाळी, ताईला द्या. आणि दर वेळी देणारा थोडा अलीकडे उभा असायचा. आधी दरीचं वळण, मग वखारीची मागची भिंत, मग शाळेचं कुंपण. आत्याला भीती वाटत होती, नाही कशाला म्हणायचं. पण खरं सांगायचं तर ती सुखातही होती. सकाळी उठल्याबरोबर तिचे कान दाराकडे लागायचे. चेन आली की ती आधी दार लोटून घ्यायची आणि मग मनसोक्त तोंड सोडायची, एवढं करतोस तर धुऊन पाठवायला काय धाड भरली होती, म्हणून. बोलून झालं की तिला बरं वाटायचं. भाचीला तिने यातलं चकार शब्दाने सांगितलं नाही.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. चेनच्या प्रत्येक दाताच्या पाठीवर कारखान्यातूनच एक बारीक तिरकी रेघ येते. दर धारेला दात पुढून थोडा थोडा झिजतो आणि त्या रेघेकडे सरकतो. रेघ लागली की चेन संपली, मग तिला धार लावायची नसते. ही चेन जेव्हा पहिल्यांदा आली तेव्हाच तिचे दात बरेच झिजलेले होते. पुढे पुढे आत्याला रेघ दिसायला लागली आणि तिचा जीव वरखाली व्हायला लागला. दात संपले की चेन यायची थांबणार. मग तो कशाला येईल?

तेव्हा जन्मात न केलेलं काम तिने केलं. ती हात राखून घासायला लागली. आज उजव्या कुशीचे दात नीट घासायचे आणि डाव्यांवर नुसती कानस फिरवायची. पुढच्या वेळीही तेच, कारण उजव्या हाताने काम करणाऱ्याला तीच बाजू सोपी. तेवढेच डावे दात वाचले, तेवढीच एखादी खेप वाढली. अशी धार लावून दुसऱ्या कुणी तिच्यापुढे ठेवली असती तर तिने ती त्याच्या डोक्यात घातली असती.

तिच्या जुन्या गिऱ्हाइकांत एक लाकूडतोड्या होता. त्याला सगळे सावकाश म्हणायचे, कारण कुठलंही काम सांगितलं की त्याचं उत्तर तेच असायचं. तो एकदा चेन न्यायला आला तो तणतणतच. दरीपासून वरपर्यंत कुणीतरी झाडं पाडत सुटलंय म्हणाला. एकेक करून, दिवसाढवळ्या, आणि मशीनचा आवाज कुणी ऐकत नाही. बरं, पाडलेलं प्रत्येक झाड आतून पोकळ निघतं, बाहेरून बघून कुणाला संशयही आला नसता, त्यामुळे कुणी तक्रारही करत नाही. पहिल्यांदा त्याचा कट बघून मी मनात हात जोडले होते, सावकाश म्हणाला, पण आताशा त्याला काय झालंय कळत नाही. एक झाड वखारीच्या छपरावर गेलं. काल दुपारचं तर शाळेच्या बसथांब्यावर. पोरं नुकतीच बसमध्ये चढून गेली होती म्हणून वाचली.

दुकान तसंच उघडं टाकून आत्या शाळेकडे गेली. थांब्याचा पत्रा चेपून जमिनीला टेकला होता, बाजूला बुंध्याचं कापून उरलेलं खोड उभं होतं. तिने खोडावर हात फिरवला. कट सरळ सुरू झाला होता आणि मग हळूहळू एका बाजूला वाहत, खाली उतरत गेला होता. उजव्या बाजूला. ज्या बाजूचे दात धारदार असतात त्या बाजूला मशीन ओढलं जातं, धरणारा कितीही कसलेला असू दे. हे तिने कित्येकांना चढ्या आवाजात ऐकवलेलं होतं. कट वाहिला की झाड ठरल्या जागी पडत नाही.

खोडापाशी उभी राहून तिने मान वर केली. दरी, वखार, शाळा, सगळं एका रेषेत होतं, आणि ती रेष पुढे सरळ तिच्या घरामागच्या चढावर जात होती. तिथं ते जुनं झाड, भाचीच्या खोलीवर कललेलं. तो कुठं निघालाय हे तेव्हा तिला कळलं. आणि आपण त्याच्या हातात काय देतोय, तेही.

तिने जमेल ते केलं. भाचीला म्हणाली, तू दुपारची पुढच्या खोलीत झोप. तिथं तुझी कानस कानाशी किरकिरते, मी नाही झोपणार, असं म्हणून भाची हसली आणि आत्याला अलीकडे हे काय झालंय अशा नजरेने बघत राहिली. सावकाशला चढावर नेलं. त्याने झाडाला ठोकून बघितलं, मुळं बघितली, झाड चांगलं धडधाकट आहे म्हणाला, तरी तुला काढायचंच असेल तर येतो की, पुढच्या महिन्यात, सावकाश. आत्याने त्याला काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं होतं की समोरची भिंत दिसत नव्हती. भाची रात्रपाळीहून आली, दारात चपला काढल्या आणि हातातली चेन तिने बाकावर ठेवली.

"मागच्या चढावर एक जण उभा होता," ती म्हणाली. "म्हणाला, ताईला सांग, सवड मिळाली."

भाची तिच्याच नादात होती. कोण गं तो, म्हणाली, ओळखीचा वाटला, पण धुकं आणि ती जाळी, तोंड काही दिसलं नाही. मला बघून बराच वेळ नुसता उभा राहिला. चेन घेताना हात लागला तर बर्फ. सलग दोन पाळ्या झाल्यात, माझंच डोकं चालत नाहीये. असं म्हणून तिने कानात कापूस घातला आणि ती मागच्या खोलीत जाऊन आडवी झाली.

आत्याने चेन उचलली आणि कपाटात टाकून कुलूप लावलं. रिळावरून त्याच मापाची नवी चेन तोडली, जोडली आणि शेवटच्या खिळ्यावर अडकवली. घे बाबा, ही घे, कोरी करकरीत आहे, ती मोठ्याने म्हणाली, आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाहेर आली तेव्हा नवी चेन होती तिथंच होती. तो पहिल्यापासून तसलाच. जुनी चेन पार संपेपर्यंत नवी हातात घ्यायचा नाही.

तेवढ्यात घरामागे मशीन सुरू झालं. कापत नव्हतं, नुसतं मंद गुरगुरत होतं, माणूस हातात धरून वाट बघत उभा असला की गुरगुरतं तसं. आत्या मागच्या दारात गेली. चढावर धुकं होतं, झाडाचा काळा बुंधा होता, आणखी काही नव्हतं. आवाज मात्र बुंध्यापासूनच येत होता. ती घरात आली, दार लावलं, कामात हात घालून बघितला. आवाज वाढत नव्हता, थांबत नव्हता. शेजारीण रात्रभर बाहेर राहिलेली पायपुसणी गोळा करायला अंगणात आली, इकडेतिकडे बघून गेली, तिला काहीही ऐकू येत नव्हतं. सकाळभर ते गुरगुरणं चाललं. तो थांबायला तयार होता. रागावत नव्हता, घाईही करत नव्हता, आणि तेच आत्याला सोसेना.

तिने कुलूप काढलं. चेन शिकंज्यात धरली, चष्मा पुसला आणि सगळ्यांत आखूड दात शोधला. नियम असा की सगळे दात त्या सगळ्यांत आखूड दाताएवढे करायचे, तरच कट सरळ जातो. तो आखूड दात उजव्या कुशीचा होता आणि अगदी रेघेला टेकला होता. म्हणजे वाचवून वाचवून ठेवलेले डावे दातही आता रेघेपर्यंत घासायचे. पुढे काही उरणार नव्हतं.

ती घासायला लागली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही, दोन्ही हात कामात होते. एकेका दातावर ती थांबली, नखाने धार बघितली, शेजारच्या दाताशी ताडून बघितली. भाऊ जिवंत असतानाही तिने त्याला इतकी नेमकी चेन कधी करून दिली नव्हती. शेवटचा दात झाला तेव्हा कानस खाली ठेवताना तिच्या छातीत असं रितं झालं, की तो दरीत गेला त्या दिवशीही झालं नव्हतं. त्या दिवशी माणसं भोवती होती. आज ती एकटीच त्याला जा म्हणत होती.

नवी चेन काढून तिने जुनी शेवटच्या खिळ्यावर टाकली आणि पाठ फिरवली. मागचं गुरगुरणं थांबलं. मग मशीन एकदम गरजलं.

आत्या धावत भाचीच्या खोलीत गेली आणि तिला गदागदा हलवायला लागली. पोरगी दोन पाळ्यांची शिणलेली, कानात कापूस, "पाच मिनिटं, आत्या" म्हणून कुशीवर वळली. आत्याने तिच्या काखेत हात घालून ओढलं, पण भरल्या अंगाची झोपलेली मुलगी तिला कुठली उचलतेय. आणि ओढता ओढता तिचे कान आवाजाकडे गेले. वाहणारा कट कण्हतो, मध्येच अडतो, पट्टी लाकडात दाबली जाते. हे तसं नव्हतं. एकच सूर होता, लांब, सपाट, कुठेही न अडणारा. आपलं काम तिने कानांनी ओळखलं. तिने ओढणं सोडलं, पलंगाच्या कडेवर बसली आणि भाचीचा हात हातात धरून ऐकत राहिली.

मग कडाड असा आवाज झाला. खोलीतला उजेड एकदम वाढला. जमीन हादरली, फळीवरचा आरसा खाली आला, आणि भाची ताडकन उठून बसली.

झाड चढाच्या पलीकडे, मोकळ्या रानात पडलं होतं, घराकडे पाठ करून. एक फांदीसुद्धा छपराला लागली नव्हती. सावकाश या वेळी मात्र धावत आला. खोड ताटासारखं सपाट होतं, आणि मधे एवढी मोठी पोकळी की एखादं पोर आत मावलं असतं. बाहेरची साल आणि चार बोटं लाकूड, एवढ्यावर ते झाड उभं होतं. सावकाशने पोकळीत हात घातला, काढला. मग म्हणाला, पुढच्या वाऱ्यातच हे खोलीवर आलं असतं, मी कसलं बघितलं होतं डोंबल. मशीन कुणाचं होतं हे त्याने विचारलं नाही. कापणाऱ्याचा हात त्याने ओळखला होता, आणि तो लगेच निघून गेला.

आत्या भाचीला घेऊन दुकानात आली. शेवटच्या खिळ्यावर चेन होती.

तिने टाचा उंचावून ती काढली. दात संपले होते, त्यात आता घासण्यासारखं काही नव्हतं. पण बोटांना काळं लागलं नाही. जोडापाशीसुद्धा भुशाचा कण नव्हता. चेन रॉकेलने स्वच्छ धुतलेली होती, पुसलेली होती, वर तेलाचा पातळ हात दिलेला होता. आत्या ती उलटीसुलटी करून बघत राहिली. बोलायला जागाच ठेवली नव्हती त्याने.

भाचीने विचारलं, कुणाची गं ही?

"तुझ्या बाबांची," आत्या म्हणाली. "बघ, धुऊन आणलीये."